एकाच नंबराची दोन इंजिनं: जुन्या रेल्वे नोंदींचा ताळा का लागत नाही

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही कळेल. तुमचे पणजोबा मिरजेच्या लोको शेडला फायरमन होते. त्यांची खिशात ठेवायची एक वही तुम्हाला राजारामपुरीतल्या घरी माळ्यावर सापडली. रोज कोणत्या इंजिनावर ड्यूटी केली ते तिच्यात लिहिलेलं आहे. त्यावरून तुम्ही मिरज-कोल्हापूर लाइनवरच्या मीटर गेज इंजिनांची यादी करायला घेतलीत आणि चार ठिकाणी अडलात. एक नंबर दोन वेगवेगळ्या कारखान्यांच्या नावावर सापडतो. एक इंजिन कंडम झाल्याची नोंद आहे, आणि दोन वर्षांनंतरच्या फोटोत तेच इंजिन धूर सोडत उभं आहे. पितळी पाटीवरचं साल आणि रेल्वेच्या यादीतलं साल जुळत नाही. आणि पणजोबांच्या वहीतला एक नंबर तर कुठल्याच यादीत नाही. यातली खरी यादी कोणती, असं तुम्ही विचारलंय.

सगळ्याच खऱ्या असू शकतात. एखाद्या घरात माणसं किती, हे रेशनकार्डावर बघितलं तर सात, मतदार यादीत पाच आणि रात्री पंगतीला नऊ. तिन्ही ठिकाणी कुणी खोटं लिहिलेलं नसतं. मोजणाऱ्याचं काम वेगळं असतं. मी तीस-बत्तीस वर्षं यांत्रिक खात्याची रजिस्टरं सांभाळली. त्यात खरीखुरी चूक, म्हणजे कारकुनाचा हात घसरून झालेली, फार थोड्या वेळा सापडली. बाकी सगळा घोळ होतो तो एका कामासाठी ठेवलेलं रजिस्टर दुसऱ्याच कामासाठी वाचल्यामुळे.

आपल्याच लाइनचं बघा. एप्रिल १८९१ मध्ये मिरज-कोल्हापूर गाडी सुरू झाली. लाइन कोल्हापूर दरबारच्या मालकीची, पण चालवायला सदर्न मराठा रेल्वे कंपनीकडे. १९०८ पासून त्या कंपनीची मद्रास अँड सदर्न मराठा झाली. म्हणजे रूळ एकाचे, गाडी दुसऱ्याची. दरबारच्या कागदात तुम्ही इंजिन शोधायला गेलात तर रुपये-आणे-पै सापडतील: लाइनवर खर्च किती झाला, उत्पन्न किती आलं, दरबारच्या वाट्याला किती उरलं. आज कोणतं इंजिन रुकडीच्या पुलावरून गेलं याच्याशी दरबारच्या फडणीसाला काय देणंघेणं? ते कंपनीच्या शेडला माहीत. आणि कंपनीच्या शेडला इंजिन कोणाच्या पैशातून आलं ते माहीत नसायचं, कारण ते त्याचं काम नव्हे.

यात भर म्हणजे हीच कंपनी म्हैसूर संस्थानच्या काही लाइनी १९१९ पर्यंत चालवत होती. मार्मागोव्याहून कॅसलरॉकपर्यंत येणारी पोर्तुगीज हद्दीतली रेल्वेही पुढे तिच्याच हाती आली. सगळीकडे मीटर गेजच, त्यामुळे एका मालकाचं इंजिन दुसऱ्याच्या लाइनवर फिरायला अडचण नव्हती. कारखान्याच्या विक्री-वहीत गिऱ्हाईक म्हणून एक नाव, टेंडरवर, म्हणजे इंजिनामागच्या कोळसा-पाण्याच्या डब्यावर, रंगवलेली अक्षरं दुसऱ्या कंपनीची आणि हिशेबात तिसऱ्याचा भांडवली खर्च असं होऊ शकतं. म्हणून यादीत 'मालक' असा एकच रकाना ठेवू नका. पैसे कोणी दिले, चालवलं कोणी आणि अंगावर नाव कोणाचं, असे तीन ठेवा. निम्मा घोळ तिथेच सुटेल.

आता एका नंबराच्या दोन इंजिनांकडे येतो, कारण खरी गंमत तिथे आहे. आपण नंबर म्हणजे इंजिनाचं नाव समजतो. हिशेबनिसाच्या लेखी नंबर म्हणजे जागा. कोल्हापूरकराला हे समजावून सांगायला नको. आपल्या गादीवर शिवाजी, राजाराम, शहाजी ही नावं किती वेळा आली? १८८४ साली कागलच्या घाटगे घराण्यातले यशवंतराव दत्तक आले आणि शाहू छत्रपती झाले. इंजिनांचंही असंच. जुनं इंजिन थकलं की कंपनी त्याच्या बदल्यात नवं घेई. ते नूतनीकरणाच्या पैशातून घेतलं तर भांडवली हिशेबात एकही इंजिन वाढलं नाही असंच दाखवायचं असे. मग नव्याला जुन्याचाच नंबर द्यायचा. रजिस्टरात खाडाखोड नको आणि मंजूर संख्याही बदलायला नको. कागदावर गादी कधी रिकामी पडलीच नाही.

पण थकलेलं इंजिन लगेच मरत नाही. यार्डात डबे ढकलायला ते अजून दहा वर्षं चालतं. मग त्याचं काय करायचं? त्याला वेगळ्या यादीत टाकत. ब्रिटनमध्ये लंडन अँड साउथ वेस्टर्न कंपनी अशा जुन्या इंजिनाच्या नंबराआधी शून्य लावी. दुसरीकडे कुठे नंबराला अक्षर जोडत. आता विचार करा, पन्नास वर्षांनी कुणीतरी ती यादी टंकलिखित करतो. त्याला ते शून्य निरर्थक वाटतं आणि तो गाळतो. झाली की एका नंबराची दोन इंजिनं, दोन कारखान्यांची, आणि दोन्ही एकाच वेळी चालू! तुमच्या यादीतल्या त्या नंबराच्या दोन्ही नोंदींची वर्षं जिथे एकमेकांवर चढतात, तिथे मूळ पानावर नंबराच्या आगेमागे काही चिन्ह आहे का ते भिंग लावून बघा. वर्षं चढत नसतील, एक संपल्यावर दुसरं सुरू होत असेल, तर तो सरळ दत्तकविधी समजा.

ज्या कंपन्यांकडे ब्रॉड गेज आणि मीटर गेज दोन्ही होते, तिथे तोच नंबर दोन्ही गेजवर असू शकतो. १९०८ नंतर आपल्या कंपनीकडे मद्रासकडचा ब्रॉड गेजही आला. तेव्हा नुसता नंबर लिहून कधी थांबू नका. गेज लिहा, कारखाना लिहा आणि कारखान्याचा क्रमांक लिहा. कारखान्याचा क्रमांक हाच त्यातल्या त्यात इंजिनाचा जन्मदाखला.

त्यातल्या त्यात म्हणालो, कारण तोही पूर्ण भरवशाचा नाही. १९०३ मध्ये ग्लासगोचे तीन कारखाने, नीलसन रीड, डब्ज आणि शार्प स्टुअर्ट, एकत्र येऊन नॉर्थ ब्रिटिश लोकोमोटिव्ह कंपनी झाली. ऑर्डर एका नावाने दिलेली आणि पाटी दुसऱ्या नावाची, हे त्या काळात होणारच. पण इथे पाटीचा आकार मदतीला येतो. शंकरपाळ्याच्या आकाराची पाटी असेल तर इंजिन क्वीन्स पार्कचं, म्हणजे पूर्वीच्या डब्जचं. गोल असेल तर हाइड पार्कचं, म्हणजे नीलसनचं. आकडे पुसून गेले तरी आकार राहतो. आणि आकडे पुसतातच. पितळ चिंचेने आणि राखेने घासून लखलखीत ठेवायची आपल्याकडची हौस. चाळीस वर्षं कुणी रोज घासलं तर ३ आणि ८ सारखे दिसू लागतात. अशा पाटीचा फोटो तिरक्या उजेडात घ्या, नाहीतर वर पातळ कागद धरून पेन्सिलने ठसा उमटवा. फोटोपेक्षा ठसा मला जास्त बोलतो.

पाटीवरून आठवलं. काही वर्षांपूर्वी एक गृहस्थ जुन्या बाजारातून आणलेली पाटी घेऊन माझ्याकडे आले. त्यांना ती अस्सल हवी होती. मी त्यांना शिवाजी उद्यमनगरात एका जुन्या पॅटर्नवाल्या, म्हणजे ओतकामाचे नमुने करणाऱ्या, मित्राकडे नेलं. त्याने पाटी हातात घेतली, उलटी केली, स्टीलची पट्टी लावली आणि म्हणाला, "दीड सूत कमी हाय." विषय संपला. फौंड्रीत वावरलेल्याला लगेच कळेल. पितळ ओतल्यावर थंड होताना आकसतं, फुटाला साधारण दीड सूत, म्हणजे एक इंचाचा तीन सोळांश. मूळ पाटीचाच पॅटर्न करून दुसरी ओतली तर ती तेवढी लहान निघणारच. म्हणून त्याच कारखान्याच्या, त्याच नमुन्याच्या आणि खात्रीच्या पाटीशी मोजून बघायचं. त्या गृहस्थांचा चेहरा पडला, पण मी त्यांना एवढंच म्हणालो, की ही नक्कल आहे, लबाडी आहे असं नाही. फुटलेली पाटी वर्कशॉपातच पुन्हा ओतून लावली, असंही होऊ शकतं. ती नक्कलही खऱ्याच इंजिनावर चाळीस वर्षं फिरलेली असू शकते.

तरीही पाटी इंजिनावर असली म्हणून इंजिन त्या पाटीचंच आहे असं नाही. वाफेचं इंजिन हा एक पदार्थ नव्हे, तो संसार आहे. मोठ्या दुरुस्तीला वर्कशॉपात गेलं की बॉयलर उतरतो, चाकं निघतात, टेंडर बाजूला जातो. बॉयलरच्या दुरुस्तीला सगळ्यात जास्त वेळ लागतो, म्हणून तयार असलेला दुसरा बॉयलर चढवून इंजिन मोकळं करतात आणि जुना पुढच्याला बसवतात. बॉयलरला स्वतःचा क्रमांक, टेंडरला स्वतःचा. कनेक्टिंग रॉडवरसुद्धा इंजिनाचा नंबर ठोकलेला असतो, आणि एकाच इंजिनाच्या डाव्या-उजव्या रॉडवर वेगवेगळे नंबर मी स्वतः पाहिले आहेत. मग 'ते' इंजिन कोणतं? रेल्वेचा अलिखित नियम असा की फ्रेम ज्याची, इंजिन त्याचं. पण फ्रेमही बदलली जाते. तिथे मी वाद सोडून देतो.

असा उतरलेला बॉयलर रेल्वेबाहेर विकला गेला, तर त्याला आणखी एक जन्म मिळतो. १९२३ चा बॉयलर कायदा (२०२५ मध्ये त्याच्या जागी नवा आला) रेल्वेच्या इंजिनांच्या बॉयलरला लागू नव्हता. कारखान्यात वाफ करायला तोच बॉयलर बसवला की मात्र त्याची सरकारी नोंदणी होई आणि अंगावर नवा नोंदणी क्रमांक कोरला जाई. एखाद्या जुन्या कारखान्याच्या आवारात भलताच क्रमांक असलेला इंजिनाचा बॉयलर दिसला तर दचकू नका.

तुमच्या कंडम इंजिनाचा फोटो आता समजायला सोपा आहे. कंडम हा हिशेबातला मृत्यू. मार्चअखेरच्या आत किंमत वजा घालायची असते, म्हणून कागद आधी होतो. भंगारवाल्याची गाडी केव्हा येईल ते त्याच्या सवडीवर. मधल्या काळात शेडला इंजिन कमी पडलं तर फोरमन कागद बघत बसत नाही, पेटवतो आणि कामाला लावतो. शिवाय फोटोमागचं साल कुणी लिहिलंय ते बघा. फोटो काढणाऱ्याने लिहिलं असेल तर वजन द्या. स्टुडिओचा शिक्का असेल तर ती प्रत काढल्याची तारीख असू शकते. मी स्वतः एकदा असा शिक्का प्रमाण मानून एका इंजिनाचं आयुष्य सहा वर्षांनी वाढवलं होतं, आणि एका म्हाताऱ्या ड्रायव्हरने चहा पिता पिता ते खोडून काढलं. शिक्क्यातल्या साली मागच्या भिंतीवर जी पाण्याची टाकी दिसायला हवी होती ती त्या फोटोत नव्हतीच.

कंडम न होताच इंजिन गायब झालं असेल तर युद्धकाळ तपासा. पहिल्या महायुद्धात भारतातली मीटर गेज इंजिनं जहाजातून मेसोपोटेमिया आणि पूर्व आफ्रिकेला गेली. अशा इंजिनाची नोंद एका यादीत तुटते आणि समुद्रापार दुसऱ्या नंबराने सुरू होते.

सालाच्या फरकाबद्दल फार लिहीत नाही. कारखान्यात बांधून झाल्याचं साल, सुटे भाग खोक्यांत भरून बोटीत चढवल्याचं साल, इथल्या वर्कशॉपात जोडल्याचं साल आणि वाहतुकीला लावल्याचं साल, ही चार वेगळी सालं आहेत. पाटीवर पहिलं असतं, रेल्वेच्या यादीत बहुधा शेवटचं. एका वर्षाचा फरक दिसला तर तो फरकच समजू नका. तीन वर्षांचा दिसला तर शोधा. दरबारी मोडी कागद वाचणार असाल तर तिथे फसली, म्हणजे महसुली, सन आहे की शक, हे आधी ठरवा. फसली मृगाला सुरू होतो आणि त्यात ५९० मिळवले की त्या मृगाचं इसवी साल येतं. आपली लाइन सुरू झाली तो एप्रिल १८९१ हा फसली १३०० मध्ये पडतो, पण १३०० मध्ये ५९० मिळवून गप्प बसलात तर तुम्ही ती १८९० सालची लिहाल. ही चूक मी छापलेल्या मजकुरातही पाहिली आहे.

नंबर चढत्या क्रमाने दिले असतील असंही धरू नका. ब्रॉड गेजवरच्या डब्ल्यूपी वर्गाचं उदाहरण सगळ्यात बोलकं आहे. त्या वर्गाचं पहिलं इंजिन ७२००, अमेरिकेत बाल्डविनने १९४७ मध्ये बांधलेलं. आणि ७१६१, ज्याला अकबर म्हणतात, ते चित्तरंजनला १९६५ मध्ये झालं. नंबर लहान आणि वय अठरा वर्षांनी कमी! नंबरावरून वयाचा अंदाज बांधणाऱ्याची इथे फजिती ठरलेली. आणि फक्त विलायती कारखान्यांच्या याद्यांवर विसंबाल तर अजमेरच्या वर्कशॉपात १८९५ मध्ये बांधलेलं एफ वर्गाचं ७३४ नंबरचं इंजिन जन्मालाच आलेलं नाही असं वाटेल. ते आज दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात उभं आहे.

वर्गाच्या नावांचंही तसंच. ब्रॉड गेजवर एसजी नावाचा मालगाडीचा वर्ग होता. त्यातल्या काही इंजिनांना नंतर सुपरहीटर, म्हणजे वाफ आणखी तापवणारी नळ्यांची जोडणी, बसवले, ती एसजीसी झाली. मुळातच सुपरहीटरसह आलेली एसजीएस. नुसती वार्षिक बेरीज बघणाऱ्याला वाटतं की एसजी मोडीत काढली आणि एसजीसी नवी घेतली. प्रत्यक्षात तेच इंजिन एका रकान्यातून उठून शेजारच्या रकान्यात बसलेलं असतं. ज्या वर्षी एक रकाना जितका घटतो तितकाच दुसरा वाढतो, तिथे हा संशय धरा.

एवढ्यावर १९५१ मध्ये आपली कंपनी सदर्न रेल्वेत गेली आणि १९५७ च्या सुमारास साऱ्या देशासाठी एकच नंबर पद्धत आली. म्हणजे एका दीर्घायुषी इंजिनाला तीन नंबर सहज होऊ शकतात. ही अडचण जुनीच नाही बरं का. आज आपल्या स्टेशनचं नाव छत्रपती शाहू महाराज टर्मिनस आणि मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस. इंग्रजी आद्याक्षरं दोन्हींची सीएसएमटी. शंभर वर्षांनी एखादा अभ्यासक कोल्हापूरच्या गाड्या मुंबईत मोजणार, हे मी आजच सांगून ठेवतो.

राहिला पणजोबांच्या वहीतला अनाथ नंबर. तुम्ही लिहिलंय की तो खोडून टाकावा का. अजिबात नको. ज्या माणसाने त्या इंजिनात स्वतःच्या हाताने कोळसा टाकला, त्याची नोंद मुख्यालयात बसून नक्कल केलेल्या यादीपेक्षा मला जवळची. त्याने काय पाहून लिहिलं असेल एवढंच बघायचं. तुम्ही पाठवलेल्या पानाच्या फोटोत मला एक गोष्ट दिसली. तो नंबर तीन महिन्यांत सात वेळा येतो, आणि सातही वेळा ड्यूटी रात्री सुरू झालेली आहे. फायरमन रात्री शेडमध्ये इंजिनावर चढतो तेव्हा पुढच्या बफर बीमवरचा, म्हणजे इंजिनाच्या तोंडाकडच्या आडव्या तुळईवरचा, नंबर त्याला दिसत नाही. तो मागून, टेंडरच्या बाजूने येतो, आणि कंदिलाच्या उजेडात त्याच्यासमोर असते ती टेंडरची पाटी. माझा अंदाज, त्यांनी टेंडरचा क्रमांक टिपलाय. तसं असेल तर त्या सात रात्रींमध्ये टेंडर एकच आणि इंजिनं कदाचित दोन.

हे तपासता येईल. वहीत काही पानांवर समासात छोटे आकडे आहेत, ते मला कोळशाचे वाटतात. त्या सात रात्रींचे आकडे एका कागदावर ओळीने मांडा आणि ड्रायव्हरचं नाव असेल तर तेही शेजारी लिहा. गाडी तीच, अंतर तेच, आणि कोळशात ठळक दोन गट पडत असतील तर दोन वेगवेगळी इंजिनं त्याच टेंडरला जोडली गेली होती असं धरायला आधार मिळेल. वही उघडताना शिवण सांभाळा. आणि पानांचे फोटो पुन्हा काढाल तेव्हा समास कापू नका, मागच्या खेपेला अर्धे आकडे त्यातच गेले.